मागील तारखेपासून अपडेट

संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं बायकोच्या पर्समध्ये होती आणि ती पर्स तिने काखेत अशी दाबून धरली होती, की सर्व्हररावांना मनातली शंका बोलून दाखवायचा धीर होईना. शंका एवढीच होती, की साहेब आज सोडतील का. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून समुद्र म्हणून पाहिलेला नव्हता. एकदा ऐन निघायच्या दिवशी ऑफिसचा प्रिंटर पेटला. एकदा साहेबांच्या केबिनचं नेट गेलं. आणि एकदा तर काहीच झालं नाही, पण काही झालं तर काय करायचं म्हणून साहेबांनी थांबवून घेतलं.

"आज आलात तर दोघं जाऊ," दाराशी उभी राहून बायको म्हणाली. "नाही आलात तर मी एकटी जाईन आणि तुमच्या सीटवर पाय पसरून बसेन. त्याचंही काही नाही. पण पुढच्या वेळी मी विचारायची नाही."

ती चिडून बोलली असती तर सर्व्हररावांना बरं वाटलं असतं. चिडलेल्या बायकोची समजूत काढायचा त्यांना सराव होता. पण ती अगदी शांतपणे बोलली, भाजी संपली हे सांगावं तशी. बायको आपल्याला विचारायचीच बंद झाली तर मग घरात उरलं काय, असा विचार करत ते ऑफिसला निघाले.

सर्व्हरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते बिचारं तिथेच राहिलं होतं. जन्म, मृत्यू आणि लग्नं नोंदवणाऱ्या त्या कार्यालयातले सगळे संगणक, त्यांच्या वायरी, प्रिंटर आणि उंदीर चावला तर उंदीरसुद्धा, हे सगळं त्यांच्याकडे होतं. काही बिघडलं की ते "सर्व्हर बघतो" म्हणून जायचे, म्हणून सर्व्हरराव. हे नाव काउंटरवरच्या शिक्काबाईंनी पाडलं होतं. शिक्काबाईंचं नाव कुणी पाडलं ते कळायला मार्ग नाही, पण त्या ज्या ताकदीने शिक्का मारत ते पाहिलं की दुसरं नाव सुचलं नसतं.

घोडं अडलं होतं ते अपडेटपाशी. आतापर्यंत ऑफिसातला प्रत्येक संगणक आपापले अपडेट बाहेरून, इंटरनेटवरून आणायचा. ऑफिसची लाइन बारीक. एका संगणकाने अपडेट ओढायला घेतला की बाकीचे तहानलेले. मग मुख्य कार्यालयाने फर्मान काढलं, की प्रत्येक ऑफिसने आपला एक सर्व्हर ठेवावा. त्याने सगळे अपडेट एकदाच बाहेरून आणावेत आणि आतल्या वायरीने सगळ्यांना वाटावेत. सगळ्या बिल्डिंगने वेगवेगळं बाजारात जाण्यापेक्षा एकाने जाऊन सगळ्यांच्या पिशव्या भरून आणाव्यात, तसं. कल्पना उत्तम होती. सर्व्हररावांनी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मधोमध, तो सर्व्हर थाटला, त्याच्यापुढे टेबलफॅन लावला आणि त्यांना वाटलं, सुटलो.

पण फर्मानात शेवटी एक ओळ होती. आणलेले अपडेट सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय वाटू नयेत. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात सर्व्हररावांसारखाच कुणीतरी असणार. पण साहेबांनी 'सक्षम अधिकारी' हे शब्द वाचले, खुर्चीत सरळ होऊन बसले आणि इकडेतिकडे पाहिलं. केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मंजुरीचं बटण फक्त आपल्या नावाने उघडेल, अशी व्यवस्था त्यांनी त्याच दिवशी करून घेतली.

आता सर्व्हरवर आलेले अपडेट म्हणजे काही थोडेथोडके नव्हते. साहेबांनी ते रजेच्या अर्जासारखे एकेक करून वाचायला घेतले.

"हा कशासाठी?" साहेब विचारत.

"सुरक्षेचा आहे, साहेब. एक त्रुटी दुरुस्त होते."

"त्रुटी कुणी केली?"

"ज्यांनी प्रोग्रॅम बनवला त्यांनी."

"मग त्यांच्याकडून खुलासा मागवलात का?"

असं चालायचं. गणकयंत्राच्या अपडेटवर साहेबांनी दोन आणि दोनचं उत्तर बदललंय का, अशी विचारणा केली. घड्याळाचा अपडेट त्यांनी परत पाठवला, कारण ऑफिसच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि ते चालू होतं. एक अपडेट त्याच्या आधीच्या अपडेटशिवाय बसत नाही आणि तो आधीचा तुम्हीच नामंजूर केलाय, असं सर्व्हररावांनी सांगितल्यावर साहेबांनी, अशी एकमेकांची बाजू घेण्याची वृत्ती बरी नव्हे, असं मत दिलं. दरम्यान रोज नवे अपडेट येतच होते. साहेब यादी खालून वाचत होते आणि यादी वरून वाढत होती. सर्व्हररावांच्या रजेचा अर्ज साहेबांच्या कीबोर्डखाली होता. आज दुपारनंतरची सुट्टी आणि पुढचा आठवडा, एवढंच मागणं. साहेब म्हणाले होते, हे अपडेटचं उरकू द्या, मग बघू.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना एकच नाद होता, मागल्या तारखेचा. वरून हुकूम यायचा, साहेब त्यावर विचार करायचे, विचारात मुदत उलटायची आणि मग साहेब काम मंजूर करून खाली मुदतीच्या आतली तारीख टाकायचे. त्यामुळे कागदावर या ऑफिसाइतकं तत्पर ऑफिस शोधून सापडलं नसतं. छताला पंखे लागायच्या आधी ते लागल्याचा आदेश निघालेला होता. एका कारकुनाला त्यांनी मागल्या तारखेपासून दुसऱ्या शाखेत बदलून टाकलं, तेव्हा तो बिचारा जिथे कधी पाऊल ठेवलं नाही तिथे कित्येक दिवस काम करून आलेला निघाला. गंमत म्हणजे हेच साहेब पोराच्या जन्माची तारीख एका दिवसाने चुकली तर बापाला दारात उभं करत नसत. लोकांची तारीख ती तारीख, साहेबांची तारीख म्हणजे सोय.

त्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयाचं स्मरणपत्र आलं. सगळे संगणक महिन्याच्या पहिल्या तारखेपासून अद्ययावत आहेत असं आजच्या आज कळवा. साहेबांचं धाबं दणाणलं. पहिली तारीख उलटून बरेच दिवस झाले होते आणि अर्धे अपडेट अजून खुलाशाच्या प्रतीक्षेत होते. अशा वेळी माणूस जे करतो ते त्यांनी केलं. सगळेच्या सगळे अपडेट एकदम निवडले. मंजूर करणार, तेवढ्यात त्यांना शेजारी एक छोटा चौकोन दिसला. त्यावर लिहिलं होतं, 'अंतिम मुदत'.

या माणसाने आयुष्यात शेकड्यांनी मुदती दिल्या होत्या. पण मुदत देण्यासाठी खास चौकोन आखून ठेवलेला त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांना अगदी भरून आलं. त्यांनी त्यात महिन्याची पहिली तारीख टाकली, 'कोणासाठी' या प्रश्नापुढे 'सर्व संगणक' निवडलं आणि बटण दाबलं. मग कौतुकाने दाखवायला म्हणून सर्व्हररावांना बोलावणं धाडलं.

सर्व्हरराव तेव्हा अडगळीच्या खोलीत टेबलफॅनची मान सरळ करत होते. ते आले, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, ही तारीख मागची आहे."

"अर्थात. पुढची टाकली तर आपण उशीर केला असं दिसेल."

"पण संगणकाला ते कळत नाही, साहेब. मुदत उलटून गेलेली दिसली की तो कुणाला विचारत बसत नाही. हातातलं काम टाकतो, अपडेट चढवायला घेतो आणि स्वतःला बंद करून पुन्हा चालू होतो."

"कधी?"

"लगेच."

साहेबांना मागली तारीख दाखवलेली माणसं माहीत होती. माणूस गालातल्या गालात हसतो आणि कागद फायलीला लावतो. संगणकाला एवढी कुठली समज. त्याला खरंच वाटलं की आपल्याला भयंकर उशीर झालाय, आणि तो बिचारा शरमेने कामाला लागला. बाहेरच्या हॉलमधून शिक्काबाईंचा आवाज येत होता. तो एरवीही रस्त्यापर्यंत ऐकू जायचा, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की बोलता बोलता त्या मध्येच गप्प झाल्या.

शिक्काबाईंच्या काउंटरवर त्या वेळी एक लग्न चाललं होतं. मुलगा, मुलगी, दोघांचे साक्षीदार आणि मुलीची आत्या, जी कुणाचीच साक्षीदार नव्हती पण सगळ्यात पुढे उभी होती. शिक्काबाईंनी मुलीची माहिती भरली, जतन केली आणि मुलाच्या आडनावाचं पहिलं अक्षर टाकलं, तोच पडदा निळा झाला. त्यावर एक वर्तुळ गोल गोल फिरायला लागलं आणि खाली अक्षरं आली : अपडेट चालू आहेत, संगणक बंद करू नका.

"म्हणजे लग्न झालं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"मुलीचं झालंय," शिक्काबाई म्हणाल्या. "मुलाचं राहिलंय."

मुलगी जरा खट्याळ होती. ती मुलाला म्हणाली, की बघ, तुला अजून वेळ आहे, नीट विचार कर. मुलगा हसला, पण आत्याबाईंना ते हसणं काही बरोबर वाटलं नाही आणि त्यांनी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली. शेजारच्या काउंटरवर एक गृहस्थ आपल्या चुलत्यांच्या मृत्यूचा दाखला घेत होते. प्रिंटरने चुलत्यांचं नाव, वय आणि पत्ता एवढं छापून जीव टाकला. गृहस्थ तो अर्धा कागद उजेडात धरून बघत राहिले. त्यावरून चुलते गेले, की नुसते कुठेतरी राहत होते, हे काही ठरत नव्हतं. मग तिसरा पडदा निळा झाला, मग चौथा. प्रत्येक संगणक थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला 'काही आलंय का' असं विचारत असतो. ज्याची विचारायची पाळी आली तो गार झाला, आणि बघता बघता अख्खा हॉल समुद्रासारखा निळा झाला. सर्व्हररावांना त्या दिवशी समुद्र दिसला तो हा असा.

साहेब केबिनच्या दारात आले, समोरचा देखावा पाहिला आणि करारी आवाजात हुकूम सोडला, की बंद करा सगळं. सर्व्हरराव हात जोडून म्हणाले, की साहेब, एवढं सोडून काहीही करा. पण शिक्काबाईंची सगळी नोकरी हुकूम पाळण्यात गेली होती. एका बाजूला पडदा सांगतोय बंद करू नका, दुसऱ्या बाजूला साहेब सांगतायत बंद करा. पडदा काही त्यांचा गोपनीय अहवाल लिहीत नव्हता. त्यांनी वाकून प्लग उपटला. ते पाहून बाकीच्यांनीही आपापले प्लग उपटले आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली.

"लावा आता," साहेब समाधानाने म्हणाले.

प्लग लागले. संगणक चालू झाले आणि त्यांच्या पडद्यांवर नवीन मजकूर आला : अपडेट पूर्ण झाले नाहीत, केलेले बदल मागे घेत आहोत. साहेबांना ते वाचून बरं वाटलं. मागे घेणं हा त्यांच्याही हातखंडा प्रकारांपैकी एक होता. पण बदल मागे घेऊन झाले की संगणक पुन्हा सर्व्हरला विचारणार, सर्व्हर पुन्हा तीच उलटून गेलेली मुदत दाखवणार आणि पुन्हा पहिल्यापासून, हे सर्व्हररावांना दिसत होतं. उपाय एकच होता. सर्व्हरवर जाऊन ती मंजुरीच काढून टाकायची. ते अडगळीच्या खोलीकडे धावले, मोडक्या खुर्च्यांना दोनदा अडखळले, आणि सर्व्हरच्या पडद्यासमोर जाऊन त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

सर्व्हरसुद्धा निळा होता. त्याच्यावरही तेच गोल गोल फिरत होतं. साहेबांनी 'सर्व संगणक' म्हटलं होतं आणि सर्व्हर हाही शेवटी एक संगणकच. वाढणाऱ्यानेच पाट मांडून जेवायला बसावं, तसं झालं होतं. आता सगळे त्याची वाट बघणार आणि तो स्वतःचीच.

परत येऊन त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं.

"पण सर्व्हरला हे करायला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही."

साहेबांनी हा शब्द ऐकला, पण दप्तरी दाखल करून घेतला नाही. सगळं पूर्ववत झाल्याशिवाय ऑफिसातून कुणीही हलायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. 'कुणीही' म्हणताना ते एकट्या सर्व्हररावांकडे बघत होते.

दुपार कलली. लोकांनी बाकांवर ठाण मांडलं. आत्याबाईंनी मुलाची बाही सोडली होती, पण त्याला आपल्या आणि भिंतीच्या मध्ये बसवलं होतं. आणि अशात दारातून दोन बॅगा आत आल्या. त्यांच्यामागून सर्व्हररावांची बायको आली. तिने एकदा हॉल पाहिला, एकदा नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता बॅगा बाकाखाली सरकवून बसली. ती एका शाळेच्या कचेरीत होती. मुख्याध्यापक नावाचा प्राणी रोज सांभाळून तिला ऑफिसं तोंडावरून वाचता येत. सर्व्हरराव तिच्या शेजारी टेकले आणि सकाळपासूनचं सगळं, त्या मुदतीच्या चौकोनासकट, त्यांनी तिला सांगितलं.

"मग आता तुम्ही इथे बसून काय करताय?" तिने विचारलं.

"वाट बघतोय."

"तुमच्या बघण्याने ते लवकर होणार आहे का?"

"नाही. आपलं आपण होईल. सर्व्हर उठला की बाकीचे रांगेने उठतील."

"मग वाट गाडीतून बघा."

सर्व्हरराव उठले आणि मनाचा हिय्या करून केबिनकडे निघाले. तेवढ्यात आत फोन वाजला. मुख्य कार्यालय होतं. तुमच्याकडून एकही नोंद येत नाही, जन्मही नाहीत आणि मृत्यूही नाहीत, तुमच्याकडे माणसं अमर झाली की काय, असं त्यांनी विचारलं असावं, कारण साहेब बराच वेळ नुसते जी जी करत होते. चौकशीला उद्या सकाळी अधिकारी येणार, एवढं बाहेर ऐकू आलं. फोन ठेवल्यावर साहेब काही वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मग उठून बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पार पालटलेला होता. इतके गोड साहेब ऑफिसने पाहिले नव्हते.

"अरे, वहिनी आल्यात आणि तुम्ही मला सांगितलं नाही?" ते सर्व्हररावांना म्हणाले. "जा तुम्ही. आठवडा काय, दोन आठवडे जा. समुद्राची हवा फार चांगली. इथलं मी बघतो."

सर्व्हररावांना आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. कारण या ऑफिसची एक रीत होती. कुठलीही चौकशी लागली की जो रजेवर असेल तो दोषी निघायचा. पाण्याची टाकी रात्रभर वाहिली तेव्हा बाळंतपणाला गेलेली टंकलेखक दोषी निघाली. तिजोरीची किल्ली हरवली तेव्हा पाय मोडून घरी पडलेल्या शिपायाने ती हरवली, असं ठरलं. हजर असलेल्या प्रत्येकाला तोंड असतं, गैरहजर माणसाला ते नसतं, एवढं साधं शास्त्र. उद्या चौकशीचा अधिकारी येणार, साहेब सांगणार, की आम्हाला यातलं काय कळतंय, सर्व्हररावांनी आमच्या नावाने उघडून दिलं, अमुक तारीख टाका म्हणाले, अमुक बटण दाबा म्हणाले. आणि सर्व्हरराव समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे असणार.

त्यांनी बायकोला बाजूला घेऊन हे सांगितलं. थांबलो तर नोकरी वाचेल, गेलो तर नाव खराब होईल, असं ते म्हणाले. आणि बोलता बोलता आपण हिला प्रत्येक वेळी हेच सांगत आलोय, हे त्यांच्या लक्षात आलं. या बाईने आजवर दुसरं काही मागितलं नाही. मागितलं काय, तर समुद्र, जो फुकट असतो.

"थांबू का?" त्यांनी विचारलं. "तू सांग."

खिडकीबाहेर बघत तिने थोडा विचार केला. मग पदराने तोंड पुसलं आणि सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमचे फार उपकार झाले. रजा कधीपासून मंजूर करताय?"

"आत्तापासून. या क्षणापासून."

"म्हणजे आज अर्धा दिवस. आमच्या शाळेत अर्ध्या दिवसाची रजा संगणकावरच भरावी लागते, कागदावर चालत नाही. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही तसंच," साहेब म्हणाले आणि त्यांनी निळ्या पडद्यांकडे पाहिलं. "पूर्ण दिवसाची मात्र कागदावर चालते."

"मग पूर्ण दिवसाचीच करा ना. आज सकाळपासून. तुम्हाला काय अवघड आहे? यांच्या तोंडून तुमचं नेहमी ऐकते, तारखेचं कुठलंही काम असो, साहेबांचा हात धरणारा कुणी नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पाहून सर्व्हररावांना क्षणभर त्यांची दयाच आली. आवडत्या गोष्टीची कुणी इतकी कदर केली नव्हती. शिवाय अर्धा दिवस गैरहजर माणसापेक्षा पूर्ण दिवस गैरहजर माणूस जास्त गैरहजर, असाही एक हिशेब त्यांच्या डोक्यात चमकून गेला असावा. त्यांनी कीबोर्डखालचा अर्ज काढला, 'दुपारनंतर' खोडून 'कार्यालय उघडल्यापासून' लिहिलं, 'मंजूर' लिहिलं आणि लफ्फेदार सही केली. शिक्काबाईंनी त्यावर शिक्का हाणला. त्या घडीला ऑफिसात चालू असलेलं तेवढं एकच यंत्र होतं. बायकोने मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो काढून घेतला. आठवण म्हणून, असं ती साहेबांना म्हणाली.

ती दोघं बॅगा उचलून निघाली तेव्हा अडगळीच्या खोलीतला सर्व्हर नुकताच जागा झाला होता. हॉलमधले पडदे एकेक करून उजळत होते. शिक्काबाईंनी मुलाचं आडनाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून भरलं, आणि आत्याबाईंनी ते दोनदा वाचून घेतल्यावरच बाही पुन्हा धरायची गरज नाही असं ठरवलं.

गाडी सुटली. बायकोने खिडकी घेतली, चपला काढून पाय वर घेतले आणि डबा उघडला. सर्व्हररावांनी डब्याला हात लावला नाही. उद्याची चौकशी त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होती. इतक्यात फोन वाजला. साहेब होते.

"सर्व्हरराव, त्या अर्जावर मी सकाळपासून असं लिहिलंय का हो?" साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो, साहेब."

"म्हणजे मी ते बटण दाबलं तेव्हा तुम्ही ऑफिसात नव्हता?"

"होतो, साहेब. पण नव्हतो असं तुम्ही लिहिलंय."

सर्व्हररावांनी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे घास चावत होती. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवसभर आपण ऑफिसातच नव्हतो, मग तारीख टाका म्हणून सांगितलं कुणी आणि बटण दाखवलं कुणी. सही साहेबांची, शिक्का ऑफिसचा. ते बायकोकडे असे बघत राहिले, की लग्न ठरवताना त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हासुद्धा इतकं नीट पाहिलं नसेल.

"सर्व्हरराव," साहेब एकदम सावरून म्हणाले, "मी तुमची रजा रद्द करतोय. मागील तारखेपासून. ताबडतोब परत या."

बायकोने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"साहेब, रजा रद्द केल्याचा कागद माणसाच्या हातात द्यावा लागतो ना?" ती म्हणाली. "मग या घेऊन. आम्ही समुद्रावर आहोत. येताना टॉवेल आणा."

तिने फोन बंद केला आणि पुन्हा डबा मांडीवर घेतला. बाहेर नुसती शेतं पळत होती, पाण्याचा कुठे पत्ता नव्हता.

"अगं, पण आपण अजून गाडीतच आहोत," सर्व्हरराव म्हणाले.

"मग काय झालं? ते मागली तारीख टाकतात, मी पुढची टाकली," ती म्हणाली. "जेवा आता."